अकरावा रकाना

३ फेब्रुवारी, मंगळवार

नवा धंदा, नवी वही. आजपासून रोज नाही तरी जमेल तसं लिहायचं ठरवलं आहे. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत कवळ्या केल्या, आता स्वतःच्या करणार. मालकांनी यंत्र आणलं. ते म्हणे संगणकात बघून दात छापतं. मला म्हणाले, "तुम्ही आता आराम करा." अठ्ठावन्न हे काय आराम करायचं वय झालं?

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्या आहेत. आतल्या खोलीत प्लास्टरचं बेसिन, पॉलिशची मोटर आणि मेण तापवायचा बर्नर बसला. बाहेर एक टेबल, दोन खुर्च्या. सगळं झालं, फक्त पाटी राहिली. नाव नोंदवल्याशिवाय पाटी लावता येत नाही, बँकेत खातं उघडत नाही आणि दंतवैद्यांना साधं पत्रही पाठवता येत नाही.

हिला म्हटलं, एखादं नाव सुचव. ही विणत बसली होती. "तुम्हाला हवं तेच ठेवाल, मला कशाला विचारता?" म्हणाली. हिचं हे नेहमीचंच. विणत होती ते टोपरं. बहिणीच्या नातवासाठी, म्हणे. बहिणीचा नातू शाळेत जातो, त्याच्या डोक्यावर ते वाटीएवढं दिसेल. आयुष्यभर जबड्यांची मापं घेणाऱ्याच्या घरात हे असं माप!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नोंदणी कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद आहे. चार नंबरच्या खिडकीतल्या बाईंचा चष्मा गळ्यात दोरीला लटकलेला असतो. नाव वाचायचं असलं की चढवतात, माणसाकडे बघायचं असलं की उतरवतात.

पाच नावं नेली होती. 'प्रगती' या नावाचे अकरा धंदे आधीच आहेत. 'आदर्श' सव्वीस. 'सुहास्य' एका फोटोवाल्यानं घेतलंय. 'नवदंत' वाचून बाईंनी चष्मा उतरवला आणि म्हणाल्या, "काका, हे ऐकून कुणी तोंड उघडेल का?" मागच्या रांगेतले हसले. पाचवं म्हणजे माझं आडनाव. ते कुणीच घेतलेलं नाही. घ्यायला हरकत नाही, म्हणाल्या. जिना उतरताना मला गुणगुणावंसं वाटत होतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

गुणगुणणं चार दिवस टिकलं. चौकातल्या दंतवैद्य बाईंकडे गेलो होतो. जुन्या प्रयोगशाळेत येणारं निम्मं काम त्यांचंच असायचं. त्यांना नाव सांगितलं, तर म्हणाल्या, "माफ करा काका, पण तुमचं आडनाव मला आत्ता कळतंय. आम्ही तर 'वेणूकडे पाठवा' एवढंच म्हणायचो."

वेणू माझी मुलगी. कागदावर तिचं नाव वेगळं आहे, पण धंद्यात सगळे तिला वेणूच म्हणत. सात वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसून तिनं काम केलं.

"अजून पेशंट विचारतात, ती जुना फोटो मागणारी मुलगी आहे का," बाई म्हणाल्या. "ती परत आली असेल तर माझं सगळं काम तुमच्याकडे."

मी नाही म्हणालो नाही. होही म्हणालो नाही.

मी मेणात दात लावतो ते एका ओळीत, सरळ. जे शिकलो ते. वेणू माणसाचा जुना फोटो मागवायची, त्याच्याकडे बराच वेळ बघायची आणि एखादा दात अगदी केसभर कलता लावायची. "बाबा, माणसांचे दात असे कवायतीला उभे नसतात." मी तो दात काढून सरळ करायचो. मी जेवायला गेलो की ती तो पुन्हा कलता करायची. आता कबूल करायला हरकत नाही, तिच्या कवळ्या घातल्यावर कवळी घातलीय हे कळत नसे.

११ फेब्रुवारी, बुधवार

ठरलं. 'वेणू दंतकला'. रात्रभर डोक्यात दुसरं नावच येत नव्हतं.

हिला सांगितलं तर सुई जागच्या जागी थांबली. "ते नको. दुसरं कुठलंही ठेवा. माझं ठेवा हवं तर."

"तुझ्या नावानं कोण कवळी घेईल?" मी थट्टेनं म्हणालो.

"आठ वर्षं या घरात तिचं नाव मोठ्यानं घ्यायची चोरी होती. आणि आता पाटीवर?"

म्हटलं, प्रेमापोटीच ठेवतोय. त्यावर हिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मीच उठून पाणी प्यायला गेलो. त्यात धंद्याचा विचार अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. वहीत खोटं कशाला लिहू? पण लेकीची माया आणि पोटापाण्याचा धंदा एका पाटीवर मावत असेल तर बिघडलं कुठे?

१६ फेब्रुवारी, सोमवार

अर्ज अकराव्या रकान्यावर अडला. 'नाव व्यक्तीचे असल्यास, किंवा एखादी व्यक्ती व्यवसायात त्या नावाने ओळखली जात असल्यास'. पुढे दोन चौकटी आहेत, हयात आणि मयत.

"वेणू कोण?" बाईंनी विचारलं.

"माझी मुलगी."

"हयात की मयत?"

मी त्या दोन चौकटी पुन्हा वाचू लागलो. मागून कुणीतरी "लवकर आटपा हो" म्हणालं. बाईंनी चष्मा उतरवला आणि हळू आवाजात समजावलं. हयात असेल तर तिचं संमतीपत्र लागेल. मयत असेल तर दाखला. आणि सात वर्षांहून जास्त काळ काहीच खबर नसेल तर आईवडील दोघांनी तसं प्रतिज्ञापत्र द्यायचं. मग तिला मयत धरतात, पेपरात नोटीस देतात, तीस दिवसांत कुणी आक्षेप घेतला नाही तर नाव मिळतं.

"घरी बोलून या," त्या म्हणाल्या. मी दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरलो आणि तिथल्या बाकावर अर्धा तास बसून राहिलो. समोरच्या भिंतीवर आग लागल्यास काय करावे याचा तक्ता होता. तो सगळा वाचला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ती का गेली ते एकदा लिहून टाकतो.

तिला दुसऱ्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली होती. चोवीस वर्षांची होती. मला न सांगता तिनं होकार कळवला होता. मी म्हटलं, शिकवलं मी आणि हात चालवणार दुसऱ्याकडे? शब्दानं शब्द वाढला. मी हात उचलला, तेही खरं. ती नेसत्या कपड्यांनिशी गेली आणि दुसऱ्या गावी खोली घेऊन राहिली.

तेव्हा मी त्या प्रयोगशाळेला पत्र लिहिलं. मेण कोरायच्या सुऱ्यांचा संच आमच्याकडून नाहीसा झाला आहे, मुलगी माझीच असल्यानं बोभाटा केला नाही, पण आपण सावध असावं. तिथून तिला काढलं. मग ती जिथे गेली असं कळलं, तिथे दुसरं पत्र. मग तिसरं. सुऱ्या माझ्याच खणात होत्या. पण माझा हेतू काय होता ते बघा. कुठेच काम मिळालं नाही तर ती घरी येईल, एवढाच. महिन्याभरात येईल असा माझा हिशेब होता. ती आली नाही, आणि त्यानंतर तिचं काही कळलंही नाही.

बापानं लेकीला घरी आणायला काय काय करू नये? हे वाक्य लिहून पुन्हा वाचलं. ठीकच आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

ही सकाळीच बहिणीकडे गेली. एक गुरुवार सोडून एक जातेच, बरीच वर्षं झाली. दम्यामुळे आपल्या घराचा जिना चढताना हिला तीनदा थांबावं लागतं, पण बहिणीकडे जायला मात्र दोन बस बदलते. संध्याकाळी पाचला आली तेव्हा चेहरा उजळलेला होता. बघून मलाही बरं वाटलं, म्हणून तेव्हाच प्रतिज्ञापत्राचा विषय काढला.

हिच्या हातातली पिशवी खाली पडली. "मेलेली म्हणून लिहिणार तिला?"

"लिहिलं म्हणून काय कुणी मरतं? कागद आहे तो."

"मी सही करणार नाही. तुम्हीही करू नका. हात जोडते तुमच्यापुढे, हवं तर पाया पडते."

मी चिडलो. "मग कुठे आहे ती सांग! उद्याच जाऊन संमती आणतो!"

हिनं तोंड उघडलं आणि मिटलं. बिचारी काय सांगणार? मी उगाच आवाज चढवला. आई आहे, तिला आशा सोडवत नाही. तिच्या वतीनं मलाच कठोर व्हायला हवं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काम झालं. कार्यालयाच्या जिन्याखाली एक शिक्केवाला बसतो. त्यानं प्रतिज्ञापत्र टंकून दिलं. 'आम्ही खालील सह्या करणारे आईवडील शपथेवर लिहून देतो की...' मी माझी सही केली. "बाई कुठेत?" त्यानं विचारलं. म्हटलं, दमा आहे, जिन्यांचा त्रास होतो. "मग घरून करून आणा."

कोपऱ्यावरच्या बाकावर बसून मीच केली. लग्नापासून हिच्या सगळ्या कागदांवर मीच सही करत आलोय. हिची स्वतःची सही आता हिला तरी जमते की नाही कोण जाणे. शिक्केवाल्यानं शिक्का मारताना वर बघितलंसुद्धा नाही.

अकराव्या रकान्यात खूण करताना मात्र पेन उमटेना. दोनदा गिरवावं लागलं.

४ मार्च, बुधवार

नोटीस छापून आली, सहाव्या पानावर, खाली डावीकडे. 'आईवडिलांच्या प्रतिज्ञापत्रानुसार मयत मानण्यात येत आहे.' पेपर दडवून ठेवायचा विचार होता, पण मी दाढी करत असताना हिनं तो उघडलाच.

ओरडेल, रडेल, असं वाटलं होतं. काहीच नाही. कात्री आणली, नोटीस चौकोनी कापली, पदराच्या टोकानं पुसली आणि आत नेली. आठवण म्हणून जपून ठेवणार असेल. एका अर्थी बरं झालं, तिनंही मनातून स्वीकारलं. दुपारी चपला घालून पोस्टात जाऊन आली. विचारलं तर म्हणाली, "काम होतं." तेव्हापासून माझ्याशी बोलणं मोजकंच आहे. पान वाढते, ताट उचलते.

१२ मार्च, गुरुवार

दंतवैद्य बाईंना नाव कळवलं. खूश झाल्या. "म्हणजे आली का ती?" मी म्हटलं, नाव तिचंच आहे. हे काही खोटं नव्हे. त्यांनी लगेच तीन कामं पाठवली. रंगारी पाटीचं माप घेऊन गेला.

पहिल्या कामात मी एक दात कलता लावून पाहिला. मग थोडा कमी कलता, मग आणखी थोडा. चार तास गेले. तो मुद्दाम वाकडा केलेलाच दिसतो. शेवटी सरळ करून टाकला.

३० मार्च, सोमवार

चार नंबरच्या बाईंचा फोन आला, येऊन जा म्हणून. मला वाटलं तीस दिवस भरत आले, नाव देत असतील. नवा सदरा घालून गेलो.

बाईंनी मला खिडकीवर उभं न करता आत बोलावलं, खुर्ची दिली आणि एक कागद पुढे ठेवला. आक्षेप. हातानं लिहिलेला.

'मी हयात आहे. माझ्या नावाच्या वापराला माझी संमती नाही. प्रतिज्ञापत्रावर आईची म्हणून जी सही आहे ती आईची नाही. माझा पत्ता अर्जदारास देऊ नये.'

अक्षर तिचंच. मला शंभरांत ओळखू येईल. मी त्या परक्या बाईसमोर ढसाढसा रडलो. ती आहे. कुठेतरी बसून तिनं हे लिहिलं, पाकिटात घातलं. आठ वर्षांत मी इतका आनंदी कधी झालो नव्हतो, हे खरं आहे. शेवटची ओळ मला दुसऱ्यांदा वाचताना दिसली.

३१ मार्च, मंगळवार

सकाळी चहा ठेवताना हिला विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"सहा वर्षं."

"म्हणजे ते गुरुवार..."

"हो."

"आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"तिची एकच अट होती. मोडली असती तर मलाही भेटली नसती." ही गॅस बंद करून माझ्याकडे वळली. "ते कात्रण मी पाठवलं. तुम्ही पेपरात तिला मारलंत, त्याच दिवशी."

मला राग यायला हवा होता. पण मला ते वाटीएवढं टोपरं आठवलं आणि मी भलतंच विचारलं. "मुलगा आहे की मुलगी?"

"मुलगी. चार महिन्यांची."

"नाव काय ठेवलं?"

हिनं सांगितलं नाही. चहा गाळून माझ्यापुढे ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

६ एप्रिल, सोमवार

पंधरा दिवसांची मुदत आहे. अर्ज मागे घेतला तर फाइल बंद होते, कुणाला यावं लागत नाही. अर्ज चालवला तर सुनावणी होते आणि जिवंत असल्याचा दावा करणाऱ्याला स्वतः हजर राहावं लागतं.

ही म्हणते, "मागे घ्या. तिला त्या खोलीत ओढू नका. एवढं तरी ऐका."

शिक्केवाल्याला विचारलं. तो घाबरला आहे, त्याचाही शिक्का आहे ना. "सुनावणीला जायचंच असेल तर ओळख पटत नाही म्हणा. आठ वर्षांत माणूस बदलतं. ओळखलंत तर प्रतिज्ञापत्र खोटं ठरेल, मग तुम्हीच अडकाल."

अर्ज चालवायचं मी लिहून दिलं. नावासाठी नाही, ते गेलं खड्ड्यात. मला तिला बघायचं आहे. आपणहून येत नसेल तर कायद्यानं येऊ दे. हे चूक आहे हे लिहितानाच मला कळतंय, तरी कागद देऊन आलो.

१६ एप्रिल, गुरुवार

सुनावणी साडेअकराला होती. लांबट खोली, एक पंखा, आणि सर्दीनं बेजार झालेले अधिकारी. ही माझ्याबरोबर घरून निघाली, पण खोलीत माझ्या शेजारी बसली नाही, मागच्या बाकावर बसली. ओळख पटत नाही असंच म्हणायचं, हे सकाळपर्यंत माझं पक्कं होतं.

वेणू आली. जाड झाली आहे थोडी. केस कापलेत. चष्मा लागलाय. मेणाचं काम करणाऱ्यांची पाठ वाकते, तशी जरा वाकली आहे. म्हणजे काम करते कुठेतरी. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

अधिकाऱ्यांनी आधी हिला उभं केलं. "ही सही तुमची?"

"नाही." हिचा आवाज एवढा स्वच्छ मी कधी ऐकला नव्हता.

मग मला. "यांना ओळखता?"

शिक्केवाला दाराशी उभा राहून मानेनं नाही नाही करत होता. ते तीन शब्द माझ्या तोंडात तयार होते. पण ती समोर उभी होती, हाताच्या अंतरावर. कसं म्हणू? म्हणालो, "हो. माझी मुलगी आहे."

त्यांनी ते लिहून घेतलं, नाक पुसलं आणि तिला विचारलं, "हे तुमचे वडील?"

"कागदावर तसं आहे," वेणू म्हणाली.

अर्ज फेटाळला. खोट्या सहीचं आणि शपथेचं प्रकरण वेगळं चालेल, समन्स घरी येईल, असं सांगितलं. मी मान हलवली. माझं लक्ष तिच्याकडे होतं. ती पर्स उचलत होती.

जिन्याच्या तोंडाशी तिला गाठलं. "वेणू, मी चुकलो. घरी ये. एकदाच ये, बाळाला घेऊन. तुझी आईही..."

ती थांबली. आज पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी समजूत काढली असती, ते मला जमतं.

"पाटी लागणार नाही ना आता?" तिनं विचारलं.

"नाही."

"मी तेवढ्यासाठीच आले होते. बाकी तुम्ही मला मेलेली लिहिलंत ना बाबा, ते तुमच्यापुरतं तसंच राहू द्या."

ही पुढे झाली आणि वेणूचा हात धरून जिना उतरू लागली. दर वळणावर हिला धाप लागत होती आणि दर वळणावर वेणू थांबत होती. दोघींची डोकी दिसेनाशी होईपर्यंत मी कठड्याशी उभा होतो. मग फेटाळल्याची पोच घ्यायची राहिली होती म्हणून चार नंबरच्या खिडकीवर गेलो. बाईंनी शिक्का मारला, चष्मा उतरवला आणि विचारलं, दुसरं एखादं नाव सुचवायचं आहे का? मी नको म्हणालो.